गिअर पडत नाही तेव्हा

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत गिअर पडेनासा झाला की दोष गिअरबॉक्सचाच असावा असा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो क्लचमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या व गरजेनुसार वेगळे करणाऱ्या यंत्रणेत असतो, आणि खर्चिक दुरुस्तीपूर्वी हा भेद ओळखणे फार महत्त्वाचे आहे. त्यासाठी सपाट जागी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडत असतील आणि इंजिन सुरू होताच अडत असतील, तर क्लचप्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकापासून, पूर्णपणे सुटत नाही व त्यामुळे गिअरबॉक्समधील दांडा फिरतच राहतो, असे समजावे. रिव्हर्स टाकताना होणारी करकर ही याचीच खूण, कारण अनेक गाड्यांत त्या गिअरला वेग जुळवणारी कडी, म्हणजे सिंक्रोनायझर, नसते.

पेडल तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर गिअर पडला, तर द्रवदाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये हवा शिरल्याचा किंवा गळती असल्याचा दाट संशय घ्यावा, आणि डबीतील ब्रेक ऑइलची पातळी व पेडलच्या मागे, दट्ट्याजवळ, ओल आहे का ते बोट फिरवून पाहावे. केबलच्या क्लचमध्ये ताण सैल झालेला किंवा तारेचे पदर तुटलेले आढळतात. इंजिन बंद असतानाही एकही गिअर पडत नसेल, तर आधी गिअरच्या केबल व त्यांच्या टोकांचे बुश तपासावेत. दोष सापडेपर्यंत गिअर टाकण्याच्या दांड्यावर जोर मात्र मुळीच करू नये.