वस्तीवरचे घर, फोनमधले अंगण

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नसतात, हे सर्वश्रुत आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली, त्याची देशभर बातमी झाली. बाकी जिल्ह्यात मात्र चित्र निराळे. आई-वडील मळ्यातल्या वस्तीवर आणि मुले पुण्याला किंवा चाकणला. रात्री कुत्री भुंकली तर बाहेर माणूस आहे की उसातून आलेला बिबट्या, हे दार न उघडता कळायला हवे. मुलालाही ते तिकडे दिसायला हवे.

यासाठी कॅमेरा, चित्र साठवणारा रेकॉर्डर आणि इंटरनेटचा राऊटर लागतो. तार नेता येत असेल तर वायफायच्या नादी लागू नये. नेटवर्कच्या एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जाते. मर्यादा साधारण १०० मीटरची. रात्रीच्या अदृश्य प्रकाशात भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे पांढरेफटक चमकते आणि फोनवर खोट्या सूचना येत राहतात. हातात झाडू घेणे हाच त्यावर उपाय!

साठवणुकीचा हिशेब असा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे २१ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. मग जुने पुसून त्यावर नवे चढते. मुलाने तासभर थेट चित्र पाहिले की घरच्या जोडणीवरून सुमारे ९०० एमबी जातात. सिमकार्डावर चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. लोक कॅमेरे इन्व्हर्टरवर घेतात आणि राऊटर विसरतात. मग भारनियमनात नोंद होत राहते, पण पुण्यात काही दिसत नाही.

लांबून पाहण्यासाठी पूर्वी राऊटरमध्ये वाट उघडून द्यावी लागे. आता बहुधा कॅमेराच कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि क्यूआर कोड टिपलेला फोन त्याला तिथे गाठतो. सोय मोठी, पण आपल्या अंगणाची किल्ली दुसऱ्याच्या दारात राहते. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड असलेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. म्हणून बसवणारा माणूस घरात असतानाच पासवर्ड बदलावा, आणि त्याला तो सांगू नये. भारतात एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे; दुकानदाराकडे त्याचे प्रमाणपत्र मागावे.

कॅमेरा अंगणात, फाटकावर, गोठ्यापाशी असावा. आत लावायचा तर आधी आईला विचारावे. मुलगा काळजीपोटी बघत असला, तरी दिवसभर कुणाच्या नजरेखाली वावरणे तिला जड जाते. रेकॉर्डरचे घड्याळ महिन्यातून एकदा तपासावे. चोरी झालीच, तर त्याच दिवशी त्या वेळेचे चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. बाराव्या दिवशी ते डिस्कवर नसेल.