शेतसारा आणि शाळा

शिक्षणाची पाहणी करण्यासाठी लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला जोतीराव फुले यांनी पुण्यातून आयोगाला निवेदन सादर केले. फुले म्हटले की १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते. हे निवेदन त्यामागे झाकले जाते. सरकारी खर्चाने सर्वांना शिक्षण मिळावे, या मागणीचा आपल्याकडचा सर्वांत भक्कम पाया मात्र याच कागदात आहे. कारण फुले इथे गरिबांसाठी दया मागत नाहीत, हिशेब मागतात. सरकारी तिजोरी भरते मुख्यतः रयतेच्या घामाने आणि तिच्यातून उच्च शिक्षण चालते ते वरच्या वर्गांच्या मुलांसाठी. मुंबई इलाख्यातल्या जवळजवळ नऊ दशांश गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नसल्याचे ते नमूद करतात. वास्तविक शेतकरी साऱ्याच्या रुपयामागे आणखी एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून भरत होता आणि त्याचा एक तृतीयांश शिक्षणासाठीच राखलेला होता. पैसे दिले होते. शाळा आली नव्हती.

हा हिशेब ढोबळ होता, असा आक्षेप घेता येईल. तिजोरीत मीठ, अफू आणि जकातीचाही पैसा येई, व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स होता. तरीही शेतसारा ही उत्पन्नाची सर्वांत मोठी बाब होती आणि १८८६ चा प्राप्तिकर येईपर्यंत सरकारी पगारदारांवर कायमचा असा प्रत्यक्ष कर नव्हता. म्हणजे तपशील सैल असला तरी आकडेमोडीचा रोख बरोबर होता. दुसरा आक्षेप खुद्द सरकारचा, आणि तो अधिक चतुर. आधी वरचे लोक शिकोत, विद्या आपोआप खाली झिरपेल. फुल्यांनी याचे उत्तर अनुभवावरून दिले. इतक्या वर्षांत शिकलेले लोक सरकारी नोकऱ्यांत शिरले, खेड्यात काहीच झिरपले नाही. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी सुचवले. शिक्षक शेतकरी वर्गातले हवेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. त्यांना महिना बारा रुपयांहून कमी पगार नसावा. मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. महार-मांगांच्या मुलांना इतर शाळांत बसू देत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात. शेवटची सूचना आज खटकते. पण शाळेच्या दारातूनच परतावे लागणाऱ्या मुलाला तत्त्वापेक्षा वर्ग हवा होता.

सक्तीवरचा आक्षेप मात्र सहज झटकण्यासारखा नाही. गुरे राखणाऱ्या पोराला शाळेत बसवले तर घरचे काम कोण करणार? फुल्यांना ही अडचण कळत होती, म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे यांचा आग्रह निवेदनात आहे. सक्ती करणाऱ्याने गरिबाचे नुकसानही भरून द्यावे, हा त्यातला न्याय.

आयोगाने प्राथमिक शिक्षणाला महत्त्व दिले, पण ते स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली. सक्तीला हात लावला नाही. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी विधेयक मांडले, तेही किती सावध! सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे आणि महिना दहा रुपयांपेक्षा जास्त मिळकत नसलेल्या पालकांना फी माफ. एवढेही १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. खर्च आणि लोकांची तयारी नसणे, ही कारणे पुढे आली. पण तोवर बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीपासून सुरुवात करून १९०६ मध्ये राज्यभर मोफत व सक्तीचे शिक्षण लागू केले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसाच कायदा केला. तिथली रयत ब्रिटिश इलाख्यातल्या रयतेहून श्रीमंत नव्हती आणि शिकण्यासाठी अधिक तयार होती असेही नाही.