फोटो लहान करणे वेगळे, कापणे वेगळे

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी आहेत. कातळशिल्पांवरच्या ऑनलाइन धड्यात त्याचा मोठा फोटो घातला, की रिस्पॉन्सिव्ह (पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे) पान बाकीचे सांभाळते, असे अनेकांना वाटते. पान फोटो पडद्यात बसवते, हे खरे; त्यातले पाहण्यासारखे काय, हे त्याला ठरवता येत नाही.

लग्नपत्रिका झेरॉक्सवर लहान केली तर मजकूर सगळा राहतो, पण वाचवत नाही. कात्री लावली तर अक्षर तेवढेच राहते, पण मुहूर्तच कापला जाऊ शकतो. रिसाइझ (आकार बदलणे) आणि क्रॉप (नको तो भाग कापणे) यांत हाच फरक आहे.

४:३ प्रमाणातला फोटो १६:९ च्या आडव्या चौकटीत भरला, की उंचीचा चौथा हिस्सा जातो. हत्तीचे पाय तिथेच गेले, तर विद्यार्थ्याला ती आकृती ओळखताच येणार नाही. म्हणून काप आपण स्वतः ठरवावा: संगणकासाठी पूर्ण हत्ती, मोबाइलसाठी आतल्या प्राण्यांचा जवळून घेतलेला वेगळा तुकडा.

आकाराचेही तसेच. ४००० × ३००० पिक्सेलचा (चित्र ज्या ठिपक्यांनी बनते ते) फोटो १६०० × १२०० केला, तर ठिपके सहाव्या हिश्शाहूनही कमी उरतात, फाइल हलकी होते आणि मोबाइलवर तो तरीही स्पष्ट दिसतो. नेटवर्क अधूनमधून जाणाऱ्या गावातल्या मुलासाठी हे फार मोलाचे आहे. मूळ फोटो मात्र जपून ठेवावा; लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करून हरवलेले बारकावे परत येत नाहीत.