आधी काय उपसायचे?

आमच्या टेमघर परिसरात सकाळ उजाडते ती यंत्रमागांच्या खडखडाटाने. भिवंडीकरांची झोप त्या आवाजाने मोडत नाही. तो थांबला की मोडते. ‘वीज गेली वाटतं!’ असे घरातून कुणीतरी म्हणतेच. राज्याच्या या विजेत मोठा वाटा कोळशाचा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात जळतो तो बराचसा त्याच भागातल्या, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतला.

खाण म्हणजे नुसते खणणे, असे आपल्याला वाटते. खरे कसब असते ते क्रमात. उघड्या खाणीत कोळशाच्या थरावर माती, मुरूम आणि खडक असतात. एक टन कोळशासाठी कित्येकदा तीन-चार घनमीटर माती-दगड हलवावे लागतात. हे काम लांबणीवर टाकले तर यंदाचा नफा गोजिरा दिसतो; पण पुढे कोळसाच उघडा पडत नाही आणि डंपर उभे राहतात.

म्हणून हल्ली हे वेळापत्रक संगणक लावतो. जमिनीचे हजारो काल्पनिक ठोकळे पाडायचे. कशात कोळसा किती, राख किती, काढायला खर्च किती, ते मांडायचे. वरचा ठोकळा निघाल्याशिवाय खालचा निघत नाही. कडा ढासळू नये एवढा उतार राखावा लागतो. पावसाळ्यात तळाशी पाणी साचते. खड्डा कुठवर नेणे परवडेल, हे काढण्याची गणिती रीत लर्क्स आणि ग्रॉसमन यांनी १९६५ साली मांडली. कोणत्या वर्षी काय काढायचे, हेही आता संगणक सांगतो.

त्यामागचा हिशेब आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचा आहे. उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून हलका! दरसाल दहा टक्के धरले, तर तीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मोल जेमतेम पावणेसहा रुपये. साहजिकच चांगला माल आधी आणि खर्चाचे काम शेवटी. आता शेवटचे काम कोणते? खड्डा भरणे, जमीन सावरणे, झाडे लावणे. त्या वेळच्या एक कोटीच्या खर्चाचे ओझे आजच्या कागदावर पावणेसहा लाखांचे दिसते. यात संगणकाची लबाडी नाही. त्याला जे विचारले, त्याचेच उत्तर तो देतो. पण खड्ड्याच्या काठावरच्या गावात तीस वर्षांनी जे मूल खेळेल, त्याला हा हिशेब कसा पटावा?

तेव्हा मर्यादा माणसांनीच घालायची. कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यासाठी दरवर्षी वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे ठेवणे आले. आजीच्या फडताळातल्या, कुणी हात लावायचा नाही अशा डब्यासारखेच हे! गोव्यातल्या लोहखनिजावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, तीही अशीच बाहेरून.

कर्जाचा अर्ज हाती आला की आम्ही आधी विचारायचो, ‘फेड कोण करणार आणि कधी?’ खाणीचे वेळापत्रक मांडतानाही हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा. शेवटच्या दिवशी उत्तर द्यायला तिथे फक्त खड्डा उरलेला असतो.