जुन्या टाकीतला श्वास

नशिराबादेहून मुंबईचा समुद्र रेल्वेने चारशे किलोमीटरांहून दूर. अशा गावात पाणबुड्याच्या जुन्या सामानावर बोलावयाचे म्हणजे वाळवंटात होडी विकण्यापैकी आहे, असे श्रोत्यांपैकी कोणास वाटले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. परंतु माणूस बुडावयास समुद्रच लागतो असे नाही. जवळ वाघूर धरण आहे, तापीवर हतनूर आहे, आणि शिवारात साठ-सत्तर फुटी विहिरी आहेत. विहिरीत पंप पडला की आधी गळ टाकून पाहावयाचे, गळाला लागला नाही की पट्टीच्या पोहणाऱ्या पोरांना हाक मारावयाची, ही आमच्याकडची रीत. माणूस बुडाला तरी पहिली हाक त्यांनाच जाते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यास असते. ती शंभर किलोमीटर येईतो काठावरची मंडळी हात बांधून कशी बसणार?

म्हणून वर्गणी काढून एक जुना संच घ्यावा असे आमच्यात ठरले. नवा आवाक्याबाहेरचा होता. जहाजे फोडून निघालेला माल मुंबईस दारुखान्यात आणि चोरबाजारात मिळतो, हे ऐकून होतो. आम्ही दोघे-तिघे गेलो.

एका दुकानदाराने प्रथम पितळी शिरस्त्राण पुढे केले. काचेच्या खिडक्या, गळ्याभोवती बोल्ट, वर लंडनच्या कारखान्याचे नाव. दिसावयास राजेशाही! पण अशा शिरस्त्राणांच्या नकला आपल्याच देशात शोभेसाठी घडवल्या जातात, आणि नाव कोरणे ही काही अवघड विद्या नव्हे. खऱ्यात हवेच्या नळीची जोडणी, आत सुटणारी हवा परतू न देणारी झडप आणि वापराने झिजलेले आटे असतात. नकलेत पुष्कळदा नळीच्या जागी नुसता ठोकळा असतो. दिवाणखान्यात ठेवावयास दोन्ही सारखीच. आम्ही ते बाजूस सारले.

मग निघाला खरा संच: पोलादी जोडटाकी, आणि पाठीवर बसणारा गोल डबा, त्यातून निघालेल्या दोन घडीदार रबरी नळ्या. हे यंत्र ज्या घराण्यातले, त्याचा मूळपुरुष १९४३ सालचा. फ्रान्समध्ये कुस्तो नावाचा नौदल अधिकारी आणि गान्यां नावाचा अभियंता यांनी तो सिद्ध केला. युद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले होते, तेव्हा मोटारी वायूवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप केली होती. तीच त्यांनी माणसाच्या फुप्फुसासाठी बेतली. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्या दाबाखाली वरच्या नळीने साधी हवा ओढणे छातीच्या ताकदीबाहेरचे आहे. डब्यातला रबरी पडदा भोवतीच्या पाण्याचा दाब ओळखतो आणि तेवढ्याच दाबाची हवा तोंडाशी सोडतो. एका नळीने श्वास येतो, दुसरीने जातो.

असा डबा घेताना पाहावयाचे ते सोपे आहे. टाकीपासून सुटा करून, टाकीकडून हवा येण्याचे भोक घट्ट बंद करून तोंडाने हवा ओढावी. काहीच येता कामा नये. हवा आली तर पडदा फाटला आहे, किंवा नळीला भेग आहे, किंवा झडप कुजली आहे. नळी ताणून घडीच्या खाचेत पाहावे. जुने रबर वरून काळेभोर आणि खाचेत भुसभुशीत असते. पितळेवरचा हिरवा कळंक पुसता येतो, मेलेले रबर जिवंत होत नाही. त्या नमुन्याचे पडदे आणि झडपा आज मिळतात काय, हे विचारल्यावाचून पैसे काढू नयेत.

टाकीची गोष्ट निराळी. दुकानदाराने नळ किंचित फिरवला, फुस्स आवाज आला. "बघा, अजून हवा आहे!" तो म्हणाला. आम्हांस त्या आवाजानेच भय वाटले. पोलादी टाकीत ओल राहिली की आत गंज चढतो, आणि गंज चढताना लोखंड हवेतला प्राणवायूच खाते. अनेक वर्षे बंद राहिलेल्या टाकीत दाब भरपूर असावा आणि श्वास घेणारा बेशुद्ध पडावा, असे होऊ शकते. तेव्हा जुनी हवा आधी सोडून द्यावी आणि जाणत्याकडून नळ काढवून आत दिव्याने पाहावे.

टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे ही तिची जन्मपत्रिका: कामाचा दाब, परीक्षेचा महिना आणि साल. अमेरिकेत दर पाच वर्षांनी पाण्याने दाब देऊन टाकीची परीक्षा घेतात, दरवर्षी आतून पाहणी करतात. पोलाद गंजते म्हणून ॲल्युमिनियमची घ्यावी, असेही नव्हे. १९८८च्या सुमारापर्यंत कित्येक टाक्या ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या होत. त्यांच्या मानेत कालांतराने तडे जातात आणि काही भरताना फुटल्या आहेत. आपल्याकडे २०१६चे गॅस सिलिंडर नियम आहेत. मान्यता नसलेली, परीक्षेची मुदत टळलेली टाकी भरणे बेकायदा. ही मान्यता देणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. आमच्या टाकीवर शेवटचे साल १९७१ होते.

आणखी एक खोडी. या जुन्या संचाला दाब दाखवणारे घड्याळ नव्हते. त्याऐवजी एक दांडी. हवा संपत आली की श्वास जड होतो. मग दांडी ओढावयाची, की राखून ठेवलेली थोडी हवा सुटते. पण उतरतानाच ती दांडी ओढलेली राहिली, किंवा विहिरीच्या कपारीला घासून खाली आली, तर राखीव हवा आधीच खर्च होते आणि शेवटचा इशारा मिळत नाही.

याहून मोठी अडचण आमच्या पोरांच्या अंगात होती. विहिरीत बुडी मारणारा श्वास कोंडून धरतो. लहानपणापासूनची ती सवय, आणि आजवर तिनेच त्यांस तारले. टाकी पाठीशी असता तीच सवय जिवावर उठते. दहा मीटरांवर भरलेला श्वास कोंडून वर यावे, तर पृष्ठभागाशी त्याला दुप्पट जागा हवी, फुप्फुस फाटते. जो जितका पट्टीचा, त्याला तितके विसरावे लागते! हे विसरणे दुकानात मिळत नाही.

वर्तमानपत्रांत 'ऑक्सिजन सिलिंडर लावून शोध' असे छापतात, तेही येथे सांगितले पाहिजे. त्या टाकीत साधी हवा असते, गाळून आणि कोरडी करून दाबलेली. कोणी तो शब्द खरा मानून वेल्डिंगच्या दुकानातून शुद्ध प्राणवायू भरून घेतला, तर सहा मीटरांखाली झटके येण्याचा धोका असतो. आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब टाकीला लागणाऱ्या दोनशेच्या आसपासही जात नाही. शिवाय त्यातली तेलकट हवा श्वासाला घेण्याजोगी नसते.

शेवटी आम्ही शिशाच्या वजनांचा पट्टा, दोन जोड रबरी पंख आणि नीट बसणारे दोन मास्क घेतले. हे सामान जुने चालते. पट्ट्याची कडी एका हाताने झटकन सुटते एवढे पाहावे. राहिलेल्या वर्गणीतून दोन पोरे तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या केंद्रात शिकावयास धाडली. नळ्यांचा डबा पितळेच्या भावाने मिळाला, तो शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मुले तो तोंडाला लावून ओढून पाहतात.

टाकी तिथेच ठेवली. हवा सोडून, तिला भोक पाडून भंगारात द्या, असे आम्ही दुकानदारास विनविले. तो हसला. "गिऱ्हाईक येईल की," म्हणाला, आणि फडक्याने तिचा खांदा पुसू लागला.