जुगाड कुठपर्यंत चालतं?

समजा, कसालहून मालवणला जाताना रस्त्याच्या कडेला एक बुटकी, दोनच सीटची, छत काढता येणारी गाडी बॉनेट वर करून उभी दिसली. तुमचा हात आधी मोबाईलकडे जाणार, हे नक्की! रील जरूर काढा. पण मग जरा जवळ जा आणि आत काय चाललंय ते बघा. जुन्या स्पोर्ट्स कारची रस्त्यावरची दुरुस्ती म्हणजे फुकटातला प्रॅक्टिकल क्लासच.

आपल्याकडची अशी गाडी म्हणजे सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’. १९९८ साली आलेली. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं, आणि बॉडी फायबरग्लासची. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने बॉडी गंजत नाही, पण चिऱ्यावर आपटली की तडा मात्र जातो. आता गंमत बघा, या तड्यावरचा इलाज मालवणच्या किनाऱ्यावरच आहे. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांचं हे रोजचं काम. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, वाळवायचं, कडा घासायच्या. मग काचतंतूंची मॅट आणि हार्डनर घातलेलं रेझिन, थरावर थर. आत ओल राहिली की थर सुटलाच म्हणून समजा.

गाडी सुरूच होत नसेल तर? कसलेला फिटर लगेच पाना उचलत नाही. आधी बॅटरीचे टर्मिनल बघतो. किनाऱ्यावर त्यांच्यावर थर लवकर चढतो. पॉलिश पेपरने घासले की कधी कधी तेवढ्यावर काम होतं. मग ठिणगी येते का? मग पेट्रोल येतं का? हा क्रम पाठ करून ठेवा.

पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की ठिणगी भरकटते. टोपी काढून आतून कोरडी पुसायची. उन्हात जुन्या पद्मिनीच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा, म्हणून पंपावर ओलं फडकं. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या ब्रिटिश एमजीबीची तऱ्हा तर आणखी न्यारी. तिचा विजेचा पेट्रोल पंप मागच्या बाजूला, खाली असतो. चावी फिरवल्यावर त्याची टिकटिक ऐकू आली नाही, तर पान्याने हलकेच टकटक करायची. आतले अडकलेले पॉइंट सुटतात आणि पंप चालू! टाकीला बारीक भोक पडलं तर कपडे धुण्याचा साबण दाबून बसवतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ही युक्ती चालते.

पण चालते कुठपर्यंत? तर जवळच्या गॅरेजपर्यंत. साबण लावून कणकवली गाठता येईल, मुंबई नाही. फायबरचं रेझिन पेट घेतं, त्यामुळे स्टॉर्मसारख्या गाडीत पेट्रोलची गळती म्हणजे थेट जिवाशी खेळ. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि ब्रेक किंवा स्टिअरिंगला जुगाड करायचंच नाही. तिथे सरळ टोइंगवाल्याला फोन करा. थांबताना चाकामागे चिरा लावायला विसरू नका.

आजच्या गाडीत बिघाड झाला की स्क्रीनवर दिवा लागतो आणि स्कॅनर कोड सांगतो. सोय आहेच, प्रश्न नाही. पण आवाजावरून, वासावरून, हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून बिघाड ओळखणारी माणसं आता साठीत आहेत. त्यांचं ज्ञान कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. ते गेले की तेही गेलं.

तेव्हा येत्या सुट्टीत गावातलं एखादं जुनं गॅरेज गाठा. कपाळावर ऑईलचा डाग लावून बसलेले काका दिसले की विचारा, ‘काका, ही कशी दुरुस्त केली?’ चहा तुम्ही पाजा. आणि हो, रेकॉर्डिंग चालू ठेवा. इथे मोबाईल खरंच कामाचा आहे.