न उतरणारा रक्तदाब

१२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें निधन पावले. त्या दिवशीं त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका चढला होता. निष्णात डॉक्टर दिमतीला होते. परंतु विश्रांति, अळणी आहार आणि एकदोन सौम्य औषधें यांपलीकडे त्यांच्या हातीं फारसें कांहींच नव्हतें. पुढें चार वर्षांनीं, १९४९ सालीं, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं या विकारावर सर्पगंधेचा काय उपयोग होतो, तें ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केलें, आणि आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक असलेल्या या मुळीकडे जगाचें लक्ष वेधलें. आज तीहि मागें पडली असून तिच्याहून निर्धोक अशीं अनेक औषधें कोणत्याहि दुकानांत मिळतात.

असें असूनहि "तीन तीन गोळ्या चालू आहेत, पण दाब कांहीं उतरत नाहीं," ही तक्रार घरोघर ऐकूं येते. निरनिराळ्या वर्गांतील तीन औषधें पूर्ण मात्रेंत चालू असतां, आणि त्यांतील एक लघवीवाटें मीठ व पाणी बाहेर टाकणारें असतां, दाब ठरविलेल्या मर्यादेच्या वरच राहिला, तर त्यास दुर्दम्य रक्तदाब म्हणतात. तो दुखत नाहीं, खुपत नाहीं. परंतु मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडें यांची झीज चालूच असते. म्हणून त्याचा उलगडा झालाच पाहिजे, आणि तो क्रमानें झाला पाहिजे.

पहिला प्रश्न असा कीं, दाब खरोखरच चढलेला आहे काय? दंडावर गुंडाळावयाचा पट्टा अपुरा असला, तर जाड दंडाच्या मनुष्याचा दाब आहे त्याहून अधिक दिसतो. जिना चढून आल्याबरोबर, चहा अगर तंबाखू घेतल्यावर, बोलतां बोलतां, किंवा लघवी तुंबलेली असतां मोजलेला आंकडाहि फसवा असतो. पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर असावेत, आणि उघडा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदां दाब मोजावा. कित्येकांचा दाब डॉक्टरांसमोरच तेवढा चढतो. यासाठीं आठवडाभर घरीं सकाळ-संध्याकाळ मोजून आंकडे लिहून ठेवावेत. घरचा दाब सरासरीनें १३५ वर ८५ च्या खालीं असला, तर तो बहुधा आटोक्यांत आहे असें समजावें.

दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे. लिहून दिलेल्या गोळ्या पोटांत जातात काय? अशा रुग्णांची लघवी तपासली असतां अनेकांच्या बाबतींत औषधाचा अंशहि तींत सांपडत नाहीं. याचें कारण नेहमींच आळस असतो असें नव्हे. एका गोळीनें कोरडा खोकला येतो, दुसरीनें घोटे सुजतात, तिसरीमुळें प्रवासांत लघवीची पंचाईत होते. कोणाला खर्च झेपत नाहीं. रुग्ण संकोचानें गप्प राहतो, आणि डॉक्टर औषध वाढवीत जातात! खरें सांगितलें तर गोळी बदलतां येते, किंवा दोन-तीन औषधें एकाच गोळींत देतां येतात.

तिसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. दिवसाचें मीठ ५ ग्रॅमच्या आंत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी असावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. लोणचें, पापड, फरसाण आणि सुकी मासळी यांतच तो ओलांडला जातो. सैंधव खाल्लें म्हणून सुटका नाहीं, तेंहि मीठच. २००९ सालीं अमेरिकेंत बारा दुर्दम्य रुग्णांवर केलेल्या प्रयोगांत अतिशय अळणी आहारानें वरचा दाब, भरपूर मिठाच्या आहाराच्या तुलनेनें, सरासरी २२ अंशांहून अधिक उतरला. याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या, सर्दीनें चोंदलेलें नाक मोकळें करणारीं औषधें, मद्य, इतकेंच नव्हे तर नित्य घेतलेलें ज्येष्ठमधहि दाब चढवितें.

एवढें होऊनहि यश न आलें, तर मूळ कारण अन्यत्र दडलेलें असूं शकतें. झोपेंत मोठ्यानें घोरणें व मधूनच श्वास थांबणें, मूत्रपिंडाचा विकार, किंवा त्याची रक्तवाहिनी अरुंद होणें, हीं त्यांपैकीं कांहीं होत. मिशिगनचे डॉ. जेरोम कॉन यांनीं १९५५ सालीं आणखी एक कारण वर्णिलें. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अल्डोस्टेरोन नांवाचा स्राव वाजवीपेक्षां अधिक सुटतो आणि शरीर मीठ धरून ठेवतें. पूर्वीं विरळा मानलेला हा विकार दुर्दम्य रुग्णांत वारंवार आढळतो, आणि रक्ताच्या तपासणीनें त्याचा संशय पक्का करतां येतो.

यानंतरच चौथ्या औषधाचा विचार. २०१५ सालीं ब्रिटनमधील एका चांचणींत स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलोल व डॉक्साझोसिन यांची तुलना केली असतां पहिलें औषध सरस ठरलें. मात्र त्यानें रक्तांतील पोटॅशियम वाढूं शकतें. म्हणून तें घेणारानें वेळोवेळीं रक्त तपासून घ्यावें, आणि पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमचें' मीठ डॉक्टरांना विचारल्यावांचून वापरूं नये. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर नळीवाटें उपचार करण्याची पद्धतिहि आहे. २०१४ च्या मोठ्या चांचणींत लुटुपुटूच्या उपचाराहून ती सरस ठरली नाहीं. पुढें साधनें सुधारलीं, आणि २०२३ सालीं अमेरिकेनें तिला मान्यता दिली. परंतु तिनें दाब थोडाच उतरतो. गोळ्या बहुधा सुटत नाहींत.

बोलतां बोलतां जीभ जड होणें, हातपाय लुळा पडणें किंवा छातींत कळ येणें, असें कांहीं झाल्यास मात्र या क्रमाची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. एरवीं पुढच्या भेटीस जातांना एवढें करावें: घरांतील सर्व औषधें, पुड्या आणि काढेसुद्धां, एका पिशवींत घालावींत, आठवड्याचे आंकडे बरोबर घ्यावेत, आणि कोणती गोळी किती दिवस चुकली तें न लपवितां सांगावें. रूझवेल्ट यांच्या डॉक्टरांपाशीं औषधें नव्हतीं. आपल्या डॉक्टरांपाशीं तीं आहेत; अनेकदां उणीव असते ती या माहितीची, आणि ती देणें आपल्याच हातीं आहे.